चालत होतं ना

दुपारपासून एकच वाक्य डोक्यात फिरतंय. "चालत होतं ना गं, मग हात कशाला लावलास?" आई रागावून बोललीच नाही. मटार सोलता सोलता बोलली आणि पुढची शेंग उचलली. रागावली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

चालतच होतं, तेच तर. घरचं मशीन, त्यावर लिनक्सचं डेबियन १२, त्याचा गाभा म्हणजे कर्नल ६.१, सकाळी सुरू व्हायचं रात्री बंद व्हायचं, कुणाची तक्रार नाही. सिक्युरिटी म्हणावं तर ६.१ ला पॅच येतच होते. मला नवा ६.१२ हवा होता. का हवा होता हे काल रात्री साडेअकराला मला अगदी लख्ख माहीत होतं, आज सांगता येत नाहीये. रिअल-टाइमचं, म्हणजे ठरल्या क्षणी काम झालंच पाहिजे याचं ते काम, जे वीसेक वर्षं बाहेरून पॅच म्हणून चिकटवत होते ते ६.१२ मध्ये एकदाचं मूळ कर्नलमध्ये आलं, हे वाचून मला इतका आनंद झालेला की जणू घरातलंच एखादं रखडलेलं लग्न जमलं. आता आमच्याकडे रिअल-टाइम कशाला लागतंय, कुकरच्या शिट्ट्या मोजायला? आणि डेबियनच्या नेहमीच्या कर्नलमध्ये ते चालू पण नसतं, त्याचं वेगळं पॅकेज आहे. हे मला माहीत होतं. तरी.

तर बॅकपोर्ट्समधून, म्हणजे जुन्या डेबियनसाठी नव्या गोष्टी ठेवतात तिथून, फक्त कर्नल घेतला, बाकी सगळं तसंच. शेवटी 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' आलं, ते मी बघितलं, म्हणजे डोळ्यांनी बघितलं, आणि वर स्वतःच्या हाताने अपडेट-ग्रब मारून, म्हणजे सुरू होतानाचा मेनू नव्याने लिहून, रीस्टार्ट दिला. बूट पार्टिशन, म्हणजे डिस्कचा जो तुकडा कर्नल ठेवायला असतो तो, २०१९ मध्ये इन्स्टॉलरने काढून दिलं तेवढंच आहे, २३६ एमबी, त्यात ६.१ ची दोन व्हर्जन्स आधीच पाय पसरून बसलेली. नव्या कर्नलची फाईल मावली, त्याची इनिटरामएफएस, म्हणजे डिस्क शोधायला लागणाऱ्या ड्रायव्हरची शिदोरी, मावली नाही. म्हणजे कर्नल उठला, पण ज्या डिस्कवर सगळं घर आहे ती त्याला सापडेना. पॅनिक, म्हणजे कर्नलने हात टेकले. ६.१२ मध्ये पॅनिकला स्क्रीनवर क्यूआर कोड दाखवायची सोय आलीय म्हणे, भाजीवाल्यासारखी. आमच्याकडे आपली काळ्यावर पांढरी अक्षरं आणि जुन्या गोल पिनेच्या कीबोर्डवर कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकतोय. सकाळी आईने तो बघितला आणि म्हणाली दिवा लागतोय की, चालूय. म्हटलं आई ते चालू नाहीये, ते बोंब मारतंय. तेव्हाच आलं ते वाक्य. नाही, तेव्हा नाही, मटार नंतर.

एक डीएफ कमांड मारून जागा बघितली असती तर कळलं असतं. पंधरा वर्षं लोकांना फोनवर "सुरू होतानाच्या मेनूत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जा, जुना कर्नल निवडा" असं सांगत आलेली बाई मी, आणि दुपारी तीनपर्यंत मशीन बाहेरून सुरू करता येतं तो लाइव्ह पेनड्राइव्ह शोधत कपाटं उपसत होते. धाकटा म्हणाला मोबाईलवर लाव ना ताईचा रात्रीचा व्हिडिओ कॉल. आईला मोबाईलवर मोठीचं तोंड लिंबाएवढं दिसतं, हे त्याला काय सांगायचं.

ऑफिसात असं झालं असतं तर… होणारच नाही म्हणा. तिथे माझ्या हातात बिघडवण्यासारखं काही राहिलेलंच नाही आता. सगळं क्लाउडवर, कुठला कर्नल चाललाय हे कुणी विचारत पण नाही, आणि मी मेलमध्ये सीसीत असते. असो, ते नको आज.

लिनक्सवाल्या टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये ज्या ३८६ प्रोसेसरवर हे सगळं सुरू केलं, त्या ३८६ चाच सपोर्ट पुढे कर्नल ३.८ मध्ये काढून टाकला. कपाटात डोकं घालून मला नेमकं हे आठवावं आणि त्याने डोळ्यात पाणी यावं, म्हणजे कमाल आहे.

आणि मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स आठवले. जुना ६.१ उठला. "आता आठवण झाली होय" असं पण म्हणाला नाही बिचारा. दोनातलं जुनं व्हर्जन काढलं, इनिटरामएफएसच्या कॉन्फिगमध्ये 'मोस्ट'चं 'डेप' केलं, म्हणजे जगभरातल्या हार्डवेअरचे ड्रायव्हर न भरता आपल्या मशीनला लागतात तेवढेच भरतं, फाईल एकदम आक्रसली. साडेपाचला ६.१२ सुरू. मी एकटीच "हां!" असं ओरडले, कुणी आलं नाही बघायला.

उत्तर मला मग सुचलं, भांडी घासताना. आई, दर दिवाळीला तू चांगली लावलेली मांडणी उतरवतेस, तेच डबे, तीच फळी, फक्त जागा बदलतेस आणि मग महिनाभर आम्ही हिंग शोधत फिरतो. चालत होतं ना तेव्हा पण? अगदी ओठावर आलं होतं. पण ती फोनसाठी साडी बदलून बसली होती, केस नीट करत होती, राहिलं.

नऊला कॉल लागला. आईने स्क्रीनकडे जरा निरखून बघितलं. "काय वेगळं झालं गं?"

मी पण बघितलं. तोच वॉलपेपर, तेच घड्याळ.

"काही नाही."

"मग बरंय," म्हणाली, आणि मोठीचा आवाज वाढव म्हणाली.

सगळे झोपल्यावर आता ट्रिक्सीच्या, म्हणजे डेबियन १३ च्या, रिलीज नोट्स उघडून बसलेय. नुसतं वाचायला. त्यात लिहिलंय बूट पार्टिशन निदान ७६८ एमबी हवं, त्यातले तीनशेक मोकळे. म्हणजे पार्टिशन वाढवावं लागणार, म्हणजे शेजारचं आधी सरकवावं लागणार, म्हणजे अख्खा दिवस. पुढच्या रविवारी मोठी बाहेरगावी चाललीय, कॉल नाहीये. आईला अजून काही बोलले नाहीये.