कावागोएच्या गल्लीतला हलवा

दुभाषी म्हणून बारा वर्षं झाली. करारमदार, यंत्रांच्या चाचण्या, एकदा तर बाळंतिणीच्या खोलीबाहेरची धावपळही निभावली. तोंडावर पडले ती मात्र पोराटोरांच्या खाऊपायी.

पुण्याचे एक काका प्रदर्शनासाठी टोकियोत आले होते. घरचा धंदा संक्रांतीच्या हलव्याचा. शेवटच्या दिवशी म्हणाले, "ताई, मोठी दुकानं पुरे. इथली पोरं काय खातात ते दाखवा." मग त्यांना टोकियोजवळच्या कावागोए गावी, काशिया योकोचोत नेलं. मिठाईवाल्यांची ही गल्ली. १९२३च्या भूकंपात टोकियो बेचिराख झालं, तेव्हा तिथला खाऊ इथून जाऊ लागला आणि पुढे दुकानं सत्तरेक झाली. आता वीसेक उरलीत.

"दागाशी म्हणजे काय हो?" काकांनी पाटी बघून विचारलं. मी शब्दाची फोड करून मोकळी झाले. 'काशी' म्हणजे मिठाई, 'दा' म्हणजे हलकं, फालतू. त्या चित्रलिपीतल्या अक्षरातच ओझ्याचा घोडा आहे. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, पांढरी साखर बड्यांच्या मिठाईला. गरिबांच्या पोरांना काळी साखर आणि भरड धान्याचा जिन्नस, एका मोनच्या नाण्याला मिळणारा. सगळं बरोबर, पण काकांचा चेहरा उतरला.

"फालतू कशाला म्हणायचं? कुणीतरी हात भाजून घेतलाच असेल ना?"

वहीतलं 'फालतू' खोडून मी 'खाऊ' लिहिलं. हा शब्द आधी का सुचू नये!

दुकानात त्यांनी किनाकोबो घेतलं. भाजलेल्या सोयाबीनचं पीठ काकवीसारख्या पाकात मळून काडीला लावतात. खाऊन झालं तर काडीचं टोक लाल! दुकानदारीणबाईंनी हसत आणखी एक पुढे केलं. काका पैसे काढायला लागले, बाई घेईनात. लाल टोक म्हणजे पुढचं फुकट, हे समजावेपर्यंत मागे पोरांची रांग लागली होती.

उमाइबो बघून म्हणाले, "ही तर आपली बॉबी, जाडजूड!" मक्याची फुलवलेली नळी, मधे भोक. १९७९पासून २०२२पर्यंत दहा येनलाच होती, मग बारा, आता पंधरा. काकांनी कपाळाला हात लावला. "चाळीस वर्षं एकच भाव? आमच्याकडे साखर दर संक्रांतीला रडवते."

आणि मग बरणीतलं कोन्पेइतो दिसलं. काका गप्पच झाले. पांढरे, गुलाबी, काटेरी दाणे. दाणा तळहातावर घेऊन म्हणाले, "विचारा, आत काय घालतात?"

बाई म्हणाल्या, पूर्वी खसखस, आता जाड साखरेचा दाणा. तापलेल्या, तिरक्या फिरत्या कढईत पळी-पळी पाक घालत जायचं, दोनेक आठवडे.

"खसखस!" काकांनी हवेतच परात धरली, बोटं फिरवायला लागले. बाईंनी मान डोलावली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

हा पदार्थ पोर्तुगीजांनी आणलेला. लुईश फ्रोइश या पाद्र्याने १५६९मध्ये ओदा नोबुनागा या बलाढ्य जपानी सरदाराला तो काचेच्या बाटलीतून नजर केला होता, आणि जपानला यायच्या आधी हा फ्रोइश कित्येक वर्षं गोव्याकडे होता. हे सांगायला मी तोंड उघडलं, पण काका तोवर अर्धा किलो तोलून घेत होते.

परतीच्या गाडीत त्यांनी एक दाणा दाढेखाली फोडला, बराच वेळ चघळला.

"काटा झकास आलाय," ते म्हणाले. "पण तीळ नाही हो आत."