उंदरांची कृपा

दादरच्या हिंदू कॉलनीतल्या जुन्या इमारतीत शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी ऐकू येते, पण त्यांच्या ताटात काय वाढलंय ते दिसत नाही. मधे ऐसपैस जागा सोडलेली आहे. तिथे एखादा फणस, गंजलेली सायकल, वरून पडलेले कपड्यांचे चिमटे. ‘काय रसिक होती जुनी माणसं!’ असं आपण म्हणतो. मला विचाराल तर निम्मं श्रेय उंदरांना द्यायला हवं.

१८९६ साली मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला आणि मुंबई रिकामी होऊ लागली. रोगाचं मूळ चाळींतल्या अंधाऱ्या खोल्यांत आणि कोंदट बोळांत आहे, अशी सरकारची खात्री झाली. उंदरांवरच्या पिसवांचा हात नंतर उमगला. १८९८ साली शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले आणि उत्तरेला दादर, माटुंगा, वडाळा, शीव इथली भाताची खाचरं, माडांच्या वाड्या ताब्यात घेऊन प्लॉट पाडले. इमारत किती मजली असावी, भोवती किती जागा सोडावी, हे ट्रस्टने ठरवून दिलं. हवा खेळली पाहिजे, हा हुकूम होता. रसिकता मागाहून चिकटली.

पण गिरगावातला माणूस इतक्या लांब येणार कशाला? वडाळ्याला तर १८९० पासून महारोग्यांचं आश्रयस्थान होतं. शिवाय या नव्या ‘ब्लॉक’मध्ये संडास घराच्या आतच! सोवळं पाळणाऱ्या घरांत यावरून काय काय बोलणी झाली असतील, ती ऐकायला मला फार आवडलं असतं.

पारशांच्या बाजूला मंचेरजी जोशी हे इंजिनिअर खटपटे निघाले. त्यांनी ट्रस्टकडून समाजासाठी १०३ प्लॉट राखून घेतले आणि दादर पारशी कॉलनी उभी राहिली. फाइव्ह गार्डन्सला आज त्यांचंच नाव आहे. हिंदू कॉलनीत पेन्शनरांपासून प्राध्यापकांपर्यंत मध्यमवर्ग आला. १९३० च्या दशकात डॉ. आंबेडकरांनी इथेच राजगृह बांधलं, मुख्यतः पुस्तकांसाठी. माटुंग्यात दक्षिणेकडची मंडळी स्थिरावली आणि फिल्टर कॉफीची सोय झाली.

या सगळ्यात एक गोष्ट मला खुपते. ज्यांच्या चाळी पाडल्या, त्यांच्यातल्या फारच थोड्यांना दादरचं भाडं परवडलं असेल. ट्रस्टने गरिबांसाठीही चाळी बांधल्या, पण पाडलेल्या खोल्यांच्या मानाने त्या अपुऱ्या पडल्या. प्लेगची झळ त्यांनी सोसली आणि मोकळी हवा लाभली बाबूलोकांना. आमच्यासारख्यांचे आजोबा हे दुसऱ्या गटातले, हे सांगून टाकलेलं बरं.

१९३३ साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. नियम मात्र बरीच वर्षं इमारतींच्या अंगात मुरलेले राहिले. आता गल्लीगल्लीत पुनर्विकासाच्या पाट्या आहेत. सोसायटीच्या सभेत बिल्डरचा माणूस पडद्यावर मनोऱ्याचं चित्र दाखवतो. फणसाच्या जागी यांत्रिक पार्किंग येणार, हे तो ओघात सांगतो. त्यावर कोणी चकार शब्द काढत नाही. वाद पेटतो तो दुसऱ्या गाडीची जागा कुणाला मिळणार यावर.