तुम्ही विचारलंत म्हणून : २०१२-१३च का?

इंग्लिश फुटबॉलचा सगळ्यात आवडता हंगाम कोणता, हे मला नेहमी विचारलं जातं. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुतेक वेळा तयार असतं: लेस्टरने अनपेक्षितपणे लीग जिंकली तो २०१५-१६, नाहीतर आर्सेनल एकही लीग सामना हरलं नाही तो २००३-०४. मी २०१२-१३ म्हणतो.

मग हमखास ऐकायला मिळतं, की त्या वर्षी मँचेस्टर युनायटेडने ११ गुण राखून लीग खिशात घातली, त्यात चुरस ती काय? शिखरावर नव्हतीच. पण इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगच्या वीस संघांखाली आणखी तीन श्रेणींमध्ये ७२ संघ खेळतात आणि त्यांच्याही खाली उतरंड चालूच राहते. आयपीएलमध्ये तळाला राहिलेला संघ पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच दिसतो. इथे प्रीमियर लीगच्या तळाच्या तिघांना खाली जावंच लागतं.

त्या जानेवारीत पाचव्या श्रेणीतल्या ल्यूटनने एफए कपमध्ये (लहानमोठ्या सगळ्या श्रेणींतले संघ खेळतात ती बाद पद्धतीची स्पर्धा) प्रीमियर लीगच्या नॉरिचला त्यांच्याच मैदानावर हरवलं. चौथ्या श्रेणीतल्या ब्रॅडफर्डने तर लीग कपमध्ये, म्हणजे वरच्या चार श्रेणींतल्या संघांच्या बाद स्पर्धेत, कमाल केली. प्रीमियर लीगच्या विगन आणि आर्सेनलला त्यांनी पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवलं, उपांत्य फेरीच्या दोन सामन्यांत मिळून ॲस्टन व्हिलाला. अंतिम सामन्यात स्वान्सीने त्यांचा ०-५ असा धुव्वा उडवला, पण मे महिन्यात हाच ब्रॅडफर्ड पुन्हा वेम्बलीवर आला आणि प्ले-ऑफ (वर चढण्याच्या शेवटच्या जागेसाठीचे सामने) जिंकून तिसऱ्या श्रेणीत चढला. मला हा दुसरा प्रवास जास्त मोठा वाटतो. कपच्या धुंदीत लीग हातची घालवणारे संघ कितीतरी असतात.

आणि विगन. हे मुळात रग्बी लीगचं, म्हणजे तेरा जणांच्या रग्बीचं गाव. उद्योजक डेव्ह व्हीलन यांनी १९९५ मध्ये इथला फुटबॉल क्लब घेतला तेव्हा तो चौथ्या श्रेणीत होता. दहा वर्षांत तो प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. व्हीलन स्वतः १९६० चा एफए कपचा अंतिम सामना ब्लॅकबर्नकडून खेळले होते आणि त्यात त्यांचा पाय मोडला होता. तेव्हा बदली खेळाडू नसायचा. उरलेला सामना ब्लॅकबर्नला दहा जणांनिशी खेळून हरावा लागला. ११ मे २०१३ ला तेच व्हीलन आपला संघ घेऊन वेम्बलीवर उतरले. समोर आदल्या वर्षीचा लीगविजेता मँचेस्टर सिटी. भरपाई वेळेत शॉन मलोनीच्या कॉर्नरवर बदली खेळाडू बेन वॉटसनने हेडर मारला आणि विगन १-० ने जिंकलं. या वॉटसनचाही पाय त्याच हंगामात, नोव्हेंबरमध्ये मोडला होता.

तीनच दिवसांनी लीगमध्ये आर्सेनलकडून १-४ अशी हार झाली आणि विगन दुसऱ्या श्रेणीत घसरलं. एकाच हंगामात एफए कप जिंकून खाली गेलेला हा पहिलाच क्लब.

इथे मला हमखास विचारतात, की कपपेक्षा लीगमध्ये टिकलं असतं तर बरं नसतं का? पैशाच्या हिशोबात नक्कीच. प्रीमियर लीगमधून बाहेर पडणं म्हणजे टीव्हीच्या उत्पन्नाचा मोठा वाटा गमावणं, चांगले खेळाडू विकणं. प्रशिक्षक रॉबेर्तो मार्तिनेझही महिन्याभरात एव्हर्टनला गेले. तरी माझं उत्तर कप हेच आहे. सतरावं स्थान मिळवून आणखी एक वर्ष काढणारे संघ दर हंगामात असतात, त्यांची नावं पुढच्या वर्षी आठवत नाहीत. विगनच्या लोकांना ती संध्याकाळ जन्मभर पुरेल.

शिवाय खाली गेल्याने त्यांची हिंमत गेली नाही. मार्च २०१४ मध्ये दुसऱ्या श्रेणीतल्या याच विगनने, त्या वर्षी लीग जिंकणाऱ्या सिटीला एफए कपमध्ये पुन्हा हरवलं, तेही २-१ असं, सिटीच्या घरच्या मैदानावर.