मॅडम, लॅटिन मॅक्झिम्स पाठ कराव्याच लागतात का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मॅक्झिम्स म्हणजे कायद्यातल्या लॅटिन म्हणी, आणि हा प्रश्न नेहमीचाच आहे. लॉची सीईटी देणारी मुलं विचारतात, टॉर्ट्सच्या, म्हणजे नुकसानभरपाईच्या कायद्याच्या, पेपरला बसणारी विचारतात, आणि नुकतीच सनद घेऊन कोर्टात यायला लागलेले ज्युनिअर जरा आडून विचारतात.

परीक्षेपुरतं विचारत असाल तर हो, करा पाठ. ‘टीपा लिहा’मध्ये एखादी तरी येतेच. वकिलीसाठी विचारत असाल तर त्या भानगडीत पडू नका, त्यापेक्षा प्रत्येक म्हणीमागचं प्रकरण वाचा. कोणावर काय बेतलं होतं, कोण कोणाला काय म्हणालं, निकाल काय लागला. तेवढं डोक्यात बसलं की लॅटिन त्याच्या शेपटाला धरून येतं, आणि नाही आलं तरी कोणाचं काही अडत नाही.

गाईडाच्या मागे या म्हणींचं परिशिष्ट असतं. डावीकडे लॅटिन, उजवीकडे इंग्रजी अर्थ, सगळं वर्णानुक्रमे. मुलं ‘अ‍ॅब इनिशिओ’पासून सुरू करतात आणि ‘बोना फाईड’पर्यंत पोचेतो आधीचं विसरलेली असतात. अर्थ बरोबरच दिलेले असतात. पण ‘द थिंग स्पीक्स फॉर इटसेल्फ’ एवढंच वाचून कुठली वस्तू, काय बोलली आणि कोणाविरुद्ध बोलली, हे कसं कळायचं?

तसं तुम्हाला लॅटिन अगदीच येत नाही असंही नाही. शाळेच्या ऑफिसातून बोनाफाईड काढलंय ना? कोरमअभावी ग्रामसभा तहकूब झालेली पाहिलीय ना? जमिनीच्या वादात भाऊबंद गुपचूप मनाई आणतील म्हणून वडील कोर्टात कॅव्हेट, म्हणजे आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका असा अर्ज, टाकून ठेवतात, आणि ९० दिवस झाले की ते पुन्हा टाकावं लागतं, हे घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. यातला एकही शब्द कोणी घोकला नव्हता. काम पडलं, शब्द आला.

आता ‘क्वी बोनो’ घ्या. फायदा कोणाचा? यादीत याला एक ओळ मिळते. मी ज्युनिअरला याची गोष्ट सांगते, कारण फौजदारी वकिलाने ती एकदा तरी ऐकलीच पाहिजे.

इ.स.पू. ८०, रोम. सुल्ला नावाच्या हुकूमशहाचा जमाना. अमेरिया गावचा सेक्स्तुस रोस्कियुस हा बडा जमीनदार एका रात्री जेवणावरून परत येताना रोममध्ये मारला गेला. त्याच्या मागे १३ शेतं होती, बहुतेक तीबर नदीच्या काठची, किंमत ६० लाख सेस्तेर्तियुस, म्हणजे तेव्हाची रोमन नाणी. सुल्लाच्या मर्जीतला एक माणूस होता, ख्रिसोगोनुस, आधी गुलाम, मग मुक्त झालेला. मेलेल्या जमीनदाराचं नाव सरकारच्या शत्रूंच्या यादीत घुसवण्यात आलं. यादी बंद होऊन कित्येक महिने झाले होते, तरीही. यादीत नाव म्हणजे मालमत्ता जप्त आणि लिलाव. लिलावात ती सगळी जमीन ख्रिसोगोनुसने घेतली, अवघ्या २,००० सेस्तेर्तियुसना. गावच्याच दोन नातेवाइकांनाही वाटा मिळाला, एकाला तर त्यातली तीन शेतं. मुलगा घराबाहेर. आणि एवढ्यावर न थांबता खुनाचा खटला भरला तो त्या मुलावरच, की यानेच बापाला मारलं. पितृहत्येची शिक्षा होती जिवंतपणी पोत्यात शिवून नदीत फेकण्याची.

मोठमोठे वकील गप्प बसले. सुल्लाच्या माणसाविरुद्ध उभं कोण राहणार? उभा राहिला २६ वर्षांचा एक ज्युनिअर, सिसेरो. त्याने न्यायाधीशांना एका जुन्या न्यायाधीशाची आठवण करून दिली. लुकियुस कॅसियुस म्हणून होते, लोक त्यांना अत्यंत खरे आणि शहाणे मानत, ते प्रत्येक खटल्यात हटकून विचारायचे: क्वी बोनो? मग सिसेरोने नुसता हिशेब मांडला. बाप गेल्यावर मुलाच्या हाती काय आलं? धुपाटणं. नातेवाइकाच्या हाती? शेतं. मुलगा सुटला आणि सिसेरोचं नाव झालं.

गोष्ट इथे संपवली तर ज्युनिअर फार खूश होतात, म्हणून पुढचंही सांगते. त्या नातेवाइकाविरुद्ध सिसेरोकडे थेट पुरावा काहीच नव्हता. त्याने संशयाचं तोंड फिरवलं, इतकंच, आणि बचावाच्या वकिलाला तेवढं पुरतं. सरकारी वकिलाला मात्र अजिबात पुरत नाही. फायदा कोणाचा हे विचारून हेतू दिसतो, हत्यार सापडत नाही. सासूच्या नावावरचा फ्लॅट सुनेला मिळाला म्हणून सून खुनी ठरत नाही. टीव्हीवरच्या चर्चांमध्ये हल्ली हाच प्रश्न पुरावा म्हणून फेकला जातो, तेव्हा माझा संताप होतो.

‘ऑडी अल्टरम पार्टम’ तर तुम्ही रोज ऐकता, फक्त मराठीत. दावा दाखल झाला की वादीचे वकील निशाणी ५चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा, अर्ज पुढे करतात, ‘साहेब, एकतर्फी मनाई द्या, उद्या भिंत पाडतील.’ साहेब चष्म्यावरून बघतात, अर्ज खाली ठेवतात आणि म्हणतात, ‘नोटीस काढा. समोरच्यांचा से येऊ दे.’ से म्हणजे समोरच्याचं म्हणणं. झालं. दुसरी बाजू ऐका, एवढीच ती म्हण, आणि ‘से’ या एका अक्षरात महाराष्ट्रातल्या तालुका कोर्टांनी ती बसवली आहे. भिंत खरोखरच उद्या पडणार असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेत, ऑर्डर ३९ रूल ३मध्ये, सोय आहे. पण मग एकतर्फी हुकूम का दिला याची कारणं साहेबांना लिहावी लागतात.

हा विचार लॅटिनमध्ये ठसठशीत कोणी मांडला, तर रोमन नाटककार सेनेकाच्या ‘मेडेआ’ नाटकातल्या नायिकेने. राजा क्रेऑन तिला राज्याबाहेर काढतोय आणि ती त्याला सुनावते: दुसरी बाजू न ऐकता ज्याने निर्णय दिला, त्याचा निर्णय न्याय्य असला तरी तो स्वतः न्यायी नव्हता. बिनतोड युक्तिवाद! पुढे ती एका दिवसाची मुदत मागते. राजा देतो. त्या एका दिवसात ती राजाला मारते, त्याच्या मुलीला मारते आणि स्वतःच्या दोन्ही मुलांना मारते. मुदत अर्ज मंजूर करताना काही न्यायाधीशांचा चेहरा का पडतो, ते मला हे नाटक वाचल्यावर कळलं. असो. तिच्याच त्या ओळी पुढे सतराव्या शतकात इंग्लंडचे न्यायाधीश कोक यांनी निवाड्यात घेतल्या. आपल्याकडे मनेका गांधींचा पासपोर्ट कारण न सांगता जप्त करण्याच्या प्रकरणाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली दिला, तेव्हाही मुद्दा हाच होता. खुनी बाईच्या तोंडचं वाक्य नैसर्गिक न्यायाचा खांब होऊन बसलंय, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. बाजू ऐकून घेण्याचा हक्क भल्या माणसांपुरता ठेवला तर तो हक्क कसला?

‘रेस इप्सा लोक्विटर’, म्हणजे वस्तू स्वतःच बोलते. ती बोलणारी वस्तू म्हणजे पिठाचं पिंप. १८६३चा निवाडा. लिव्हरपूलच्या रस्त्यावरून एक माणूस चालला होता, पिठाच्या व्यापाऱ्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरून पिंप त्याच्या अंगावर पडलं. पिंप कोणी सोडलं, दोर कसा सुटला, हे त्या बिचाऱ्याने कुठून सिद्ध करायचं? न्यायालय म्हणालं, पिंपं आपण होऊन खिडकीतून पडत नसतात, आता व्यापाऱ्याने सांगावं.

पण मला पिंपापेक्षा टॉवेल आठवतो. तेव्हाच्या औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ साली बाळंतपणासाठी आलेल्या एका बाईंवर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. नंतर ताप, पोटदुखी. पोट पुन्हा उघडलं तेव्हा आत टॉवेल निघाला. काही दिवसांत त्या गेल्या. नवऱ्याने आणि मुलांनी दावा लावला. खालच्या कोर्टात जिंकले, उच्च न्यायालयात हरले, आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला १९९६मध्ये. न्यायालयाने म्हटलं की इथे रेस इप्सा लोक्विटर उघडउघड लागू होतं. पोटातला टॉवेल आपण होऊन बोलतो. फक्त त्याचं बोलणं शेवटच्या कोर्टात ऐकू जायला ३३ वर्षं लागली. टीप लिहाल तेव्हा हा निवाडा लिहा. पिंप सगळेच लिहितात, तपासणाऱ्यालाही त्याचा कंटाळा आलेला असतो.

आता एक धोक्याची सूचना. मॅक्झिम हा कायदा नसतो. कलमापुढे ती टिकत नाही, हे न समजल्यामुळे चांगले अभ्यासू ज्युनिअर तोंडघशी पडतात. ‘मेन्स रिया’शिवाय, म्हणजे मनात गुन्ह्याचा हेतू असल्याशिवाय, गुन्हा नाही असं छातीठोक सांगतात. त्यांना मी २८ नोव्हेंबर १९६२ची पहाट दाखवते. झुरिचहून मनिलाला जाणारं विमान मुंबईत सांताक्रूझला उतरलं. त्यात मेयर हान्स जॉर्ज नावाचा जर्मन प्रवासी. तो खाली उतरलाच नाही, आपल्या जागेवर बसून होता. कस्टमवाल्यांनी झडती घेतली, तर अंगातल्या खास शिवून घेतलेल्या जॅकेटच्या कप्प्यांत ३४ किलो सोनं. चौतीस किलो अंगावर घालून हा गृहस्थ बसला होता. भारतात काही विकायचं नाही, सोनं पुढे मनिलाला जायचंय, असा त्याचा बचाव. पूर्वी अशा वाटेतल्या सोन्याला सूट होतीही. पण रिझर्व्ह बँकेने नवी अधिसूचना काढून ते विमानाच्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे मालाच्या यादीत, दाखवणं सक्तीचं केलं होतं, आणि ती राजपत्रात छापून आली होती २४ नोव्हेंबरला. म्हणजे चार दिवस आधी. झुरिचमधल्या माणसाने भारताचं राजपत्र वाचायचं कधी?

मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडलं. सर्वोच्च न्यायालयाने १९६४मध्ये बहुमताने पुन्हा दोषी ठरवलं. परकीय चलनाचा कायदा देशाच्या अर्थव्यवस्थेसाठी आहे, तिथे गुन्हेगारी मन शोधत बसलो तर कायद्याचा हेतूच बुडेल, आणि राजपत्रात छापलं की ते लागू झालं. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचं मत वेगळं पडलं. शिक्षा मात्र भोगली तेवढीच पुरे, असं झालं. एका जॅकेटमध्ये दोन मॅक्झिम्स आहेत: एक पराभूत झाली, आणि दुसरी, कायदा माहीत नव्हता ही सबब चालत नाही असं सांगणारी, जिंकली. माझं मन अजून सुब्बा रावांकडे झुकतं. चार दिवस म्हणजे फारच झालं.

‘कॅव्हिएट एम्प्टर’वर फार वेळ घालवू नका. खरेदीदारा, सांभाळ! लोकांना ती रोमन वाटते. प्रत्यक्षात रोमच्या बाजारात गुलाम आणि जनावरं विकणाऱ्यावरच दोष आधी सांगायचं बंधन होतं. ही म्हण इंग्रज वकिलांची लाडकी, आणि ग्राहक संरक्षण कायदा आल्यापासून आपल्याकडे तिची बरीचशी हवा गेली आहे.

ज्या इंग्लंडकडून आपण हे सगळं घेतलं, त्यांनी १९९९ साली दिवाणी नियम बदलताना लॅटिन बरंचसं झाडून काढलं. ‘एक्स पार्टी’ऐवजी ‘नोटिशीशिवाय’, ‘इन कॅमेरा’ऐवजी ‘खाजगीत’. आपल्याला तसं सहज जमणार नाही, कारण संविधानाच्या कलम ३२ आणि २२६मध्ये हेबियस कॉर्पस, मँडॅमस, सर्शिओरारी ही रिटची, म्हणजे वरच्या कोर्टांच्या आदेशांची, मंडळी नावानिशी बसलेली आहेत. हेबियस कॉर्पसला बंदी प्रत्यक्षीकरण असा मराठी शब्द आहे, पण वकिलांच्या बार रूममध्ये ‘हेबियस टाकली’ असंच म्हणतात. निदान ‘इन कॅमेरा’ तरी आपण सोडून द्यावं, असं माझं मत आहे. पेपरात एका पानावर ‘इन कॅमेरा सुनावणी’ असते, म्हणजे दारं बंद. दुसऱ्या पानावर ‘इन कॅमेरा शवविच्छेदन’, म्हणजे व्हिडिओ चालू. अत्याचाराच्या खटल्यातल्या मुलीची आई घाबरून विचारते, ‘मॅडम, तिचं शूटिंग करणार का हो?’ तिला आधी धीर द्यावा लागतो, मग बाकीचं काम. ‘बंद दाराआड’ म्हटलं असतं तर ती रात्री झोपली तरी असती.

आणि उच्चार कसा करायचा, हे प्रत्येक जण शेवटी विचारतोच. प्राचीन रोममध्ये सिसेरोला ‘किकेरो’ म्हणत. इंग्रज वकिलांनी लॅटिनचे उच्चार आपल्या सोयीने वाकवले, आपण त्यांचे वाकवले. ‘सर्शिओरारी’ मी ‘सर्टिओरारी’ असंही ऐकलंय, ‘सर्शिओराराय’ही ऐकलंय, आणि तिन्ही प्रकारच्या याचिका मंजूर झालेल्या पाहिल्यात. ज्या साहेबांपुढे उभे असाल ते जसा करतात, तसा करा. ते करतच नसतील तर मराठीत बोला, तालुका आणि जिल्हा कोर्टाची भाषा मराठीच आहे. आणि निशाणी ५च्या अर्जावर लॅटिन लिहिण्याआधी नोटिशीचा पत्ता बरोबर आहे का ते बघा, नोटीस बजावणारा बेलिफ परत येतो तो त्याच्यामुळे.