दूधसागरची वाट आणि बोलेरोचं घराणं

गोव्यातल्या दूधसागर धबधब्याला जायचं तर आपली गाडी फक्त कुळ्यापर्यंत, पुढे भगवान महावीर अभयारण्य लागतं आणि तिथून परवानगी असलेल्या जीपच जातात. आम्ही साखळीहून उसगाव तिस्क, धारबांदोडा, मोले करत गेलो, काकांच्या महिंद्रा बोलेरोने. आठवडाभर आधी पाऊस गेलेला, रस्त्याला खड्डे भरपूर, पण या गाडीत खड्डा आला म्हणून कोणी ब्रेक मारत नाही, मागे पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, आणि खाली ट्रकसारखी वेगळी चॅसी, म्हणजे लोखंडी सांगाडा, त्यामुळे धक्का बसतो पण गाडीला काही होत नाही. मागच्या आडव्या सीटवर पोरं समोरासमोर बसून अख्खा रस्ता भेंड्या खेळली.

काका पूर्वी खाणीवर जीप चालवायचे, त्यामुळे या गाडीचा विषय निघाला की त्यांना थांबवणं कठीण. महिंद्राने 1947 साली विलीज जीप भारतात जोडायला घेतली तिथून हे घराणं सुरू होतं, मग 1993 ला आर्माडा ही गाडी आली आणि आर्माडा ग्रँडवरून 2000 साली बोलेरो. सुरुवातीला अडीच लिटरचं डिझेल इंजिन होतं, मूळ प्यूजोच्या डिझाइनचं, काका म्हणतात ते गावातला कुठलाही मेकॅनिक डोळे झाकून उघडायचा. 2016 ला बोलेरोचीच पॉवर प्लस आली, त्यात दीड लिटरचं इंजिन टाकलं आणि लांबी चार मीटरच्या आत आणली, कारण तेवढ्या लांबीच्या छोट्या डिझेल गाडीला टॅक्स कमी. चौकोनी चेहरा मात्र तोच ठेवला, आणि मला वाटतं तेच बरोबर केलं.

कुळ्याला काउंटरवर तिकीट, लाइफ जॅकेट, आणि मग जुनी महिंद्रा जीप, म्हणजे बोलेरोची थोरली बहीणच म्हणा. पहिली नदी आली तशी ड्रायव्हरदादांनी फोर बाय फोर टाकलं, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद दिली, पहिल्या गिअरवर गाडी पाण्यात घातली आणि पार होईपर्यंत अ‍ॅक्सिलेटर एकसारखा दाबून ठेवला. काकांनी विचारलं, "दादा, मध्ये गिअर बदलत नाही?" तर म्हणाले, "बदलला तर दम जातो, मग सायलेन्सरातून पाणी आत येतं." मला हे फार आवडलं कारण पुढे काकांनी समजावलं की डिझेलला स्पार्क प्लग नसतो, त्यामुळे भिजून ठिणगी बंद पडायचा प्रश्न नाही, हवा घेणारा पाइप पाण्याच्या वर राहिला की इंजिन चालतच राहतं. बोलेरो मागच्या चाकांवर चालते, आताच्या साध्या मॉडेलला फोर बाय फोर नाही, त्यामुळे ती नदी तिच्या कामाची नाहीच, पण मोल्याच्या आसपासच्या कच्च्या रस्त्यांना ती पुरून उरते.

धबधबा 310 मीटरचा, मध्यावरून रेल्वेचा पूल, आम्ही उभे असताना एक मालगाडी गेली आणि सगळे ओरडले.

येताना तांबडी सुर्लला कदंब राजांच्या काळातलं महादेवाचं देऊळ बघितलं, काळ्या दगडाचं. तिथे पार्किंगमध्ये बोलेरो निओ उभी होती, 2021 ची, ती महिंद्राच्याच टीयूव्ही 300 या गाडीवरून बनवलेली, जुन्या बोलेरोशी नावापुरतंच नातं. काका भोवती फिरून बघत होते, मग म्हणाले आत आरामशीर आहे. मी घेईन तर जुनीच घेईन, पाट्यांची, आणि ती घ्यायला यंदा पैसे साठवायला सुरुवात केलीय.