शहाद्याहून निक्षयवर क्षयरुग्णाची नोंद करताना

शहाद्यात माझा खासगी दवाखाना आहे आणि जुना खोकला, ताप, वजनातली घट अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांपैकी बरेचसे रुग्ण धडगाव आणि तळोद्याच्या पाड्यांवरचे असतात. क्षयरोगाचा प्रत्येक रुग्ण शासनाला कळवणे खासगी डॉक्टरांवर मे २०१२ पासून बंधनकारक आहे. मार्च २०१८ च्या राजपत्रातील अधिसूचनेने प्रयोगशाळा आणि औषध विक्रेतेही त्या कक्षेत आणले आणि कसूर करणाऱ्यावर दंड संहितेखाली कारवाईची तरतूद केली. माझ्यापुरते सांगायचे तर ‘निक्षय’ या शासनाच्या क्षयरुग्ण-नोंदणीच्या संगणक प्रणालीवरील नोंदीकडे मी वळलो तो कायद्याच्या धाकाने नव्हे, तर नोंद झालेल्या खासगी रुग्णालाही शासनाच्या क्षयरोग कार्यक्रमातील मोफत गोळ्या आणि बेडक्याची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही जंतूंची जनुकीय तपासणी मिळते म्हणून. रिफाम्पिसिन या क्षयावरच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतात की नाही हे त्या तपासणीत कळते, आणि ते कळण्याआधी सहा महिन्यांचा उपचार लिहून देणे मला पटत नाही.

दवाखान्याची नोंदणी तुलनेने सोपी गेली. अर्ज आणि वैद्यक परिषदेच्या नोंदणीची प्रत क्षयरोग कार्यालयात दिल्यावर वापरकर्ता खाते मिळाले आणि दवाखाना आमच्या भागाच्या क्षयरोग पथकाशी जोडला गेला. पथकातील वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक, ज्यांना सगळे ‘एसटीएस’ म्हणूनच ओळखतात, त्यांनी शेजारी बसून पहिली नोंद करून घेतली.

खरा वेळ गेला तो पत्त्यावर. निदान कोणत्या तपासणीवर केले, रोग फुप्फुसाचा की अन्य अवयवाचा, पूर्वी उपचार झाला होता का, ही माहिती केसपेपरवरच असते. पत्त्याच्या रकान्यात मात्र गाव निवडायचे असते, आणि सातपुड्यात एकाच गावाचे पाडे डोंगराच्या दोन्ही अंगांना पसरलेले असतात. गावाचे नाव हाती घेऊन निघालेल्या आरोग्य सेविकेला माणूस सापडेलच असे नाही. म्हणून मी पाड्याचे नाव, जवळची शाळा किंवा नाला आणि तिथल्या आशाताईंचे नाव पत्त्याच्या मोकळ्या ओळीत लिहू लागलो. मोबाइल क्रमांकाचेही तसेच आहे. पाड्यावरचा एक फोन चार-पाच घरांचा असतो आणि पावरा, पाडवी, वळवी, वसावे ही आडनावे इतकी सार्वत्रिक आहेत की नाव आणि क्रमांक भरताच आधीच्या एखाद्या नोंदीशी साम्य दिसते. अशा वेळी वय, वडिलांचे नाव आणि पाडा विचारून हा तोच रुग्ण की त्याचा चुलतभाऊ याची खात्री करावी लागते, कारण नवीन माणूस समजून जुन्याचीच दुसरी नोंद केली तर त्याने अर्धवट सोडलेला उपचार कोणाच्याच नजरेस येत नाही.

याहून अवघड प्रश्न ऊसतोडीचा. दिवाळीच्या सुमारास पाड्यांवरची कुटुंबे मुकादमाच्या टोळीबरोबर गुजरातेत जातात आणि कित्येक जण होळीलाच परततात. एका तरुण रुग्णाच्या पत्नीने मला सरळच विचारले, “साहेब, आम्ही तोडीवर गेलो तर याच्या गोळ्या कोण देईल?” आधार कार्डावरचा पत्ता धडगावचा, पण उपचाराचे पुढचे महिने जाणार बारडोलीच्या बाजूला. निक्षय देशभर एकच असल्यामुळे राज्याची हद्द नोंदीला आडवी येत नाही. रुग्ण दुसऱ्या राज्यातील केंद्राकडे हस्तांतरित करता येतो आणि निक्षय क्रमांक तोच राहतो. मात्र पलीकडच्या केंद्राने हस्तांतरण स्वीकारावे लागते, आणि स्वीकारण्यासाठी त्यांना टोळीचा तळ ठाऊक हवा. तो रुग्णाला आधी सांगता येत नाही, मुकादमाला येतो. त्यामुळे आता मी केसपेपरवर मुकादमाचा क्रमांकही विचारून घेतो, मात्र रोगाविषयी त्याच्याशी एक शब्दही बोलत नाही, कारण टोळीत ही बातमी फुटली तर रुग्णाचे काम जाण्याची भीती खरी असते.

त्या तरुणाच्या बाबतीत आमच्या एसटीएसनी पलीकडच्या केंद्रात फोन करून तळ कळवला, तो निघण्यापूर्वी मी त्याला काही आठवड्यांच्या गोळ्या दिल्या आणि हस्तांतरण स्वीकारले गेल्याचे निक्षयवर पाहिल्यानंतरच आम्ही निश्चिंत झालो. पोषण आहारासाठीचे पैसे, जे नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये झाले आहेत, थेट खात्यात जमा होतात, म्हणून खाते पत्नीचे द्यावे की त्याचे स्वतःचे हेही निघण्यापूर्वीच ठरवावे लागले. त्याने स्वतःचे दिले, कारण पासबुक त्याच्याच पिशवीत होते. खासगी डॉक्टरला नोंदीचे ५०० आणि उपचाराचा निष्कर्ष नोंदवल्यावर आणखी ५०० रुपये मिळतात. या दुसऱ्या रकमेपायी का होईना, पण होळीनंतर परत आलेल्या रुग्णांची यादी काढून मी त्यांचा बेडका पुन्हा तपासायला पाठवतो.