आमची वाटचाल: देवगड-निपाणी रस्त्यावरची

नमस्कार मंडळी. आमची मालवाहतूक देवगड-निपाणी राज्यमार्गावर चालते आणि धंदा उभा राहिला तो या रस्त्यावरच्या मधल्या गावांमुळे, हे आधीच सांगतो. देवगड म्हटलं की सगळ्यांना आंब्याचं, नवी मुंबईतल्या वाशी मार्केटचंच भाडं दिसतं. आम्ही पण जुना पिकअप घेऊन तेच करणार होतो, पण तिथे मोठे ट्रान्सपोर्टवाले आधीपासून बसलेले, मग बाबा म्हणाले, "अरे, कोल्हापूरची माणसा आंबो खातत मां? मगे घाट चढ आणि जा."

झालं, तिकडे वळलो. जामसंडे, तळेबाजार, शिरगाव करत पेट्या गोळा करायच्या, नांदगाव तिठ्यावर मुंबई-गोवा हायवे ओलांडायचा, फोंड्यात (गोव्यातलं नव्हे, आमचं घाटाच्या पायथ्याचं) चहा, मग फोंडा घाट चढून दाजीपूर, राधानगरी आणि पहाटेच्या सौद्याआधी कोल्हापूर. ताडपत्री चारी बाजूंनी घट्ट ओढली तर आत वाफ धरते, खालच्या थरातला आंबा सकाळी हाताला गरम लागतो, म्हणून आम्ही पेट्यांमध्ये फट ठेवतो. आणि घाट चढताना सगळा लोड मागे सरकतो, त्यामुळे मागच्या फाळक्याला दोर डबल. दाजीपूरला रात्री गवे रस्त्यावर येतात, तेव्हा लाईट डिम करून, हॉर्न न वाजवता थांबायचं, ते आपणहून बाजूला होतात.

पण खरा पैसा रिटर्न भाड्यात! वरून, म्हणजे घाटमाथ्याकडून कांदा-बटाटा, भाजी, गूळ, पेंड, फोंड्यातले दुकानदार वाटच बघत असतात, आणि मधे कोणाची शिलाई मशीन, कोणाची औषधं, तेही आपल्याच केबिनमध्ये. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये ऐन हंगामात मार्केटचा भरवसा उरला नाही, तेव्हा राधानगरी, मुरगूडकडच्या याच ओळखीच्या लोकांनी फोनवर पेट्या सांगितल्या, आम्ही पास काढून पोचवल्या. निपाणी कर्नाटकात, त्यामुळे तिकडे जाता आलं नाही. बागायतदारांचे पैसे त्या वर्षी सुटले ते या छोट्या गावांमुळे, हे मी कधी विसरणार नाही.

जानेवारी 2024 मध्ये वैभववाडी-गगनबावडा रस्त्यावरचा करूळ घाट कामासाठी बंद झाला आणि तिकडच्या गाड्या पण फोंडा घाटात आल्या, वळणावर समोरून ट्रक आला की पिकअप मागे घ्यायचा, म्हणून आम्ही लवकर निघायला लागलो. पावसात दरडीची भीती असतेच. घाटातली गटारं मे महिन्यातच साफ करा एवढी एकच मागणी आहे, कारण गटार तुंबलं की पाणी डांबरावरून वाहतं आणि मग खड्डे पडतातच.

आता दोन गाड्या आहेत, दुसरी भाचा चालवतो. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात वरून भाजी, फुलं, गूळ भरपूर येतो, ज्यांना माल आणायचाय त्यांनी तेवढं आधी कळवा, ऐनवेळी हौद्यात जागा राहत नाही.